पहिल्यांदा थीम पार्कला जाताना खाण्यापिण्याचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीहून आम्ही पहिल्यांदा थीम पार्कला गेलो त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत नात्यातल्या, गल्लीतल्या, पार वसमत-उदगीरच्या ओळखीतल्या लोकांचे मेसेज येतात. पाळण्यांबद्दल फारसं कुणी विचारत नाही, सगळे खाण्याबद्दलच विचारतात. तेच प्रश्न इथं एकत्र केलेत. आपल्या भागातून लोक ज्या तीन ठिकाणी जास्त जातात ती धरून लिहिलंय: खोपोलीजवळचं इमॅजिका (२०१३ पासून), हैदराबादची रामोजी फिल्म सिटी (१९९६) आणि तिथलंच वंडरला (२०१६). दर आणि नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी पार्कच्या वेबसाइटवरचं नियमांचं पान एकदा स्वतः वाचा. ते काम भाच्यावर सोडू नका.

१. आत घरचा डबा नेऊ देतेत का?

नाही. दारात बॅगा तपासतात आणि शिजवलेलं अन्न, फरसाण, बिस्किटं बाजूला काढायला लावतात. तान्ह्या बाळाचं खाणं, औषधं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्याचं खाणं याला बहुतेक ठिकाणी सूट मिळते (प्रश्न १२ आणि १३ पाहा).

आम्ही पहिल्या खेपेला चौतीस धपाटे, दह्याचा डबा आणि ठेच्याची बरणी घेऊन एका पार्कच्या दारात उभे राहिलो. तपासणीवरचा पोरगा फार नम्र होता. म्हणाला, मावशी, हे गाडीत ठेवून या. गाडी होती ट्रॅव्हल्सची, आणि ती निघून गेलेली. मग आम्ही आठ जण फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसलो आणि सकाळी साडेदहाला चौतीस धपाटे संपवायला लागलो. एकोणीस संपले. पुढचे दोन तास पाळण्यात बसायच्या अवस्थेत कुणीच नव्हतं.

कायद्यानं भांडता येतं का, असंही काही जण विचारतात. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटगृहांबाबत निकाल दिला. जागेच्या मालकाला बाहेरचं खाणं अडवता येतं, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट ठेवावं लागतं आणि आईबापासोबत आलेल्या तान्ह्या मुलाचं खाणं अडवता येत नाही. निकाल थिएटरपुरता असला तरी पार्कच्या दारात बहुधा हीच रीत दिसते. तेव्हा हुज्जत घालून सकाळचा अर्धा तास घालवू नका.

२. मग डबा करायचाच नाही का? सासूबाई म्हणतेत, वाटेत काय उपाशी राहायचं?

डबा करायचा, पण प्रवासापुरता. पार्कातलं ताट विकतचं. हे एवढं आधी ठरलं की निम्मा घोळ मिटतो.

सहलीतली जेवणं बोटांवर मोजा. परभणीहून रात्री निघून खोपोलीला एक दिवस घालवून परत यायचं तर पाच वेळा खाणं होतं: निघताना रात्रीचं, सकाळचा नाष्टा, पार्कात दुपारचं, पार्कातच संध्याकाळचं चहा-खाणं आणि परतीचं रात्रीचं. पाचातली दोनच पार्काच्या आत आहेत. पैसे त्या दोन वेळांचे ठेवायचे आणि डबा उरलेल्या तीन वेळांचा करायचा. मुक्काम वाढला तर हाच हिशोब पुन्हा करा.

डबा भरताना आणखी एक गोष्ट बघा. सहलीच्या आदल्या रात्री घरातली बाई दोन वाजेपर्यंत तव्यापुढं उभी असेल तर दुसऱ्या दिवशी ती पार्कातल्या बाकावर झोपते. मी झोपलेली आहे. तेव्हा दोन प्रकार कमी करा, किंवा पुऱ्या लाटायला घरातल्या पुरुषांना बसवा. गोल नाही आल्या तरी चालतं.

३. प्रवासाला काय काय करावं, आणि ते किती टिकतं?

आपल्या मराठवाड्याचं खाणं मुळातच वाटेवरचं आहे. शेतावर, वारीला, बाजाराला जायचं म्हणून तयार झालेलं. त्यामुळं वेगळं काही शोधायची गरज नाही, कशाला किती पाणी आहे ते बघायचं.

कडक भाकरी सगळ्यांत भरवशाची. नीट वाळलेली असेल तर कितीतरी दिवस राहते. शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळाची कोरडी चटणी आठवडाभर सहज टिकते. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गुळाच्या दशम्या दोन दिवस चांगल्या राहतात. दुधात भिजवलेली दशमी मऊ राहते म्हणून म्हाताऱ्या माणसांना बरी, पण मे महिन्यात ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवायची. धपाट्यात कांदा किंवा मेथी घातली की आयुष्य घटतं, कारण भाजी पाणी सोडते. प्रवासाच्या धपाट्यात ज्वारी, बेसन, तीळ, ओवा, लसूण एवढंच घाला आणि तव्यावर जरा जास्त वेळ ठेवा.

नेऊ नये असं: ओली चटणी, खोबरं घातलेलं काहीही, वांग्याची रस्सा भाजी, भात. शिजलेला भात उबेत ठेवला की त्यातले जंतू जे विष करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजवलेलं ओलं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांवर असेल तर एका तासावर नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ३२ च्या खाली पहाटेच असतो. सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाष्टा, कितीही आवडत असली तरी ती सकाळी करून त्याच वेळी खायची चीज आहे. हवीच असेल तर चुरमुरे, डाळवं आणि दाणे वेगळे न्या आणि कोरडा चिवडा करून खा.

बांधायची रीत महत्त्वाची. गरम पुरी डब्यात कोंडली की वाफेचं पाणी होतं आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. परातीत पसरून पूर्ण गार करा, सुती फडक्यात गुंडाळा, मग डब्यात. एका वेळेचं एक पुडकं असं वेगवेगळं बांधलं तर सगळा डबा पुन्हा पुन्हा उघडावा लागत नाही.

फळांत मोसंबी आणि केळी. जालन्याची मोसंबी गाडीत दोन दिवस राहते, तहानेला बरी पडते आणि घाटात तिच्या सालीचा वास घेतला की पोरांची मळमळ कमी होते असा आमचा अनुभव आहे. कुंथलगिरीचा पेढा लोक हौसेनं घेतात, पण खव्याचं आहे, उन्हातल्या गाडीत ठेवू नका. जातानाच खाऊन टाका.

४. रेल्वेनं जायलोत. सकाळी उतरल्यावर नाष्ट्याचं कसं?

देवगिरी एक्सप्रेस रात्रभर चालून सकाळी कल्याणला सोडते. तिथून कर्जतमार्गे खोपोलीला लोकल आहे. नाष्टा कल्याण स्टेशनातच उरका, कारण नंतर लोकलमध्ये सामान आणि मुलं सांभाळताना खाणं होत नाही. रात्रीसाठी पुऱ्या-चटणी आणि सकाळी स्टेशनावर इडली नाहीतर गरम वडापाव, एवढं पुरतं. तपोवन दिवसाची गाडी आहे, ती मुंबईकडं रात्री पोचते, म्हणजे दुपारचा डबा पूर्ण लागतो आणि रात्री मुक्काम करावाच लागतो.

५. स्वतःच्या गाडीनं जातोय. कुठं थांबून खावं?

छत्रपती संभाजीनगर, बीड, जालन्याकडून खोपोलीला जाताना पुण्यानंतर घाट उतरावा लागतो. पोट भरायचं ते घाटाच्या किमान तासभर आधी, आणि हलकं. तेलकट पुरी आणि लगेच बोरघाट हे गणित आमच्या मेव्हण्यांच्या गाडीच्या सीटकव्हरवर अजून दिसतं.

नांदेड, हिंगोलीकडून हैदराबादला देगलूर-संगारेड्डीचा राष्ट्रीय महामार्ग १६१ आहे. धाराशिव, उमरग्याचे लोक सोलापूर-हैदराबादच्या ६५ नंबरवर लागतात. लोक एक चूक हमखास करतात. संगारेड्डी आली की ‘पोचलोच’ म्हणून खाणं पुढं ढकलतात. रामोजी शहराच्या पार पलीकडं, विजयवाड्याच्या रस्त्यावर आहे. रिंग रोडनं गेलात तरी तास-सव्वातास धरा. खायचं ते संगारेड्डीच्या अलीकडंच.

६. सकाळी पार्कात शिरायच्या आधी काय खावं?

पोट भरेल पण जड होणार नाही असं. पोहे, उपीट, इडली, भाकरी-दही, उकडलेलं अंडं, केळं. हॉटेलात नाष्टा खोलीच्या भाड्यात असेल तर तो किती वाजता सुरू होतो हे आदल्या रात्रीच विचारा. पार्क उघडायच्या वेळेला दारात असायचं तर नाष्टा तासभर आधी संपला पाहिजे, आणि ‘फुकट आहे’ म्हणून छोले-पुरीवर तुटून पडलं की प्रश्न ११ मधला प्रकार होतो.

७. पार्कात जेवायची वेळ कोणती धरावी?

साडेअकरा-बारा, नाहीतर अडीचनंतर. एक ते दोन सगळं पार्क जेवायला बसतं. तेव्हा जेवणाच्या रांगा लांबतात आणि पाळण्यांच्या रांगा आटतात. त्या तासात तुम्ही पाळण्यांत असायला हवं. नाष्टा आठला झालेला असेल तर बाराला भूक लागतेच.

रामोजीचं जरा वेगळं आहे. गिनीज बुकात १,६६६ एकरांची नोंद असलेली जागा आहे ती. तिथं बसनं फिरवतात आणि कार्यक्रम ठरलेल्या वेळी असतात. भूक लागली म्हणून मागं चालत जाऊन जेवून येता येत नाही. सकाळी आत शिरतानाच विचारून घ्या की बाराच्या सुमारास बस कुठं सोडणार, आणि त्या जागेजवळचं हॉटेल धरा.

आजी-आजोबांना आधी जागा धरून बसवायचं आणि दोघांनी रांगेत उभं राहायचं, ही आपली लग्नाच्या पंगतीतली युक्ती इथंही चालते.

८. खाण्याला किती पैसे धरावेत?

आकडा सांगत नाही, कारण तो दर हंगामाला बदलतो. पद्धत सांगते. तुमच्या गावातल्या चांगल्या हॉटेलात चौघांच्या एका जेवणाला जे लागतं त्याच्या दुप्पट पार्कातल्या एका जेवणाला धरा, आणि पाणी, आइस्क्रीम, मक्याचं कणीस यांचं वेगळं पाकीट करा. बजेट मोडतं ते बहुधा याच पाकिटामुळं. आम्ही पोरांना सकाळीच सांगतो, दिवसाला दोन गोष्टी, कोणत्या ते तुम्ही ठरवा. मग ती दुकानापुढं रडत नाहीत, तर दोन तास आपसात चर्चा करतात.

बिल आलं की दोन ओळी बघा. जीएसटी द्यावाच लागतो, पण सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच तसं स्पष्ट केलंय. काढा म्हटलं की काढतात. नाहीच ऐकलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. काही पार्कांत रिचार्जचं कार्ड किंवा मनगटी पट्टा घ्यावा लागतो. उरलेली रक्कम निघताना परत मिळते का, आणि कोणत्या खिडकीवर, ते पैसे भरतानाच विचारा. मोबाइलला रेंज नसली की यूपीआय बसतं, म्हणून थोडी रोकड जवळ हवीच.

९. तिकिटासोबत जेवणाचं कूपन मिळतंय. घ्यावं का? आणि बफे?

घरात खाणारी माणसं असतील तर घ्या. लहान मुलं जास्त असतील तर नको. बऱ्याच पार्कांत मुलांचं तिकीट उंचीवर ठरतं, आणि कूपनही त्याच मापानं लावलं तर दोन घास खाणाऱ्या पोराचेही ताटाएवढे पैसे जातात. कूपन कोणत्या हॉटेलात चालतं, किती ते किती वाजेपर्यंत, आणि त्यात पाणी-गोड आहे का, हे तिन्ही आधी वाचा. दोन मोठ्यांची कूपनं आणि मुलांसाठी वेगळी एखादी प्लेट, हा मधला मार्ग आम्हाला परवडला.

बफेचं म्हणाल तर ‘पैसे वसूल’ करायची आपली सवय तिथं नडते. पोटभर म्हणता म्हणता गळ्यापर्यंत होतं आणि दुपार आडवं पडून जाते. जेवणानंतर फक्त बसून बघायचे कार्यक्रम असतील तरच बफे.

१०. पाणी आत नेता येतं का? बाटलीला जास्त पैसे मागितले तर?

रिकामी बाटली न्यायला बहुधा कुणी हरकत घेत नाही. आत पिण्याच्या पाण्याचे नळ किंवा कूलर असतात, नकाशात ते कुठं आहेत ते बघून ठेवा. माणशी एक लिटरची बाटली हाताशी, आणि प्रत्येक नळाशी ती भरायची.

दुकानाच्या काउंटरवर सीलबंद बाटली छापील किमतीपेक्षा जास्त घेऊन विकता येत नाही. बसून जेवायच्या हॉटेलात मात्र वेगळं आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हॉटेल नुसती बाटली विकत नाही, सेवाही देतं, म्हणून तिथं जास्त घेता येतात. म्हणजे बाटली कुठं घेता यावर हक्क ठरतो.

ऊन आपल्याला नवं नाही, पण खोपोलीचं ऊन वेगळं आहे. आपल्याकडं घाम वाळतो. तिथं दमट हवेत तो अंगावरच राहतो, आणि शरीरातलं मीठ-पाणी किती गेलं ते कळत नाही. ताक, लिंबू-सरबत घेत राहा. ओआरएसच्या चार पुड्या औषधांच्या पिशवीत ठेवा. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायची, अर्धी-अर्धी अंदाजानं नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. खोक्यातली गोड पेयं ओआरएस म्हणून घेऊ नका. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये तशा पेयांना ते नाव लावायलाच मनाई केली आहे.

११. खाल्ल्यावर लगेच पाळण्यात बसलं तर काहून मळमळतं? किती वेळ थांबावं?

कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण गरगर फिरतोय, डोळे दुसरंच सांगतात, आणि मेंदूचा गोंधळ पोटावर निघतो. पोट तुडुंब आणि तेलकट असेल तर लवकर निघतो. पूर्ण जेवणानंतर मोठ्या रोलर कोस्टरला तासभर तरी थांबा. त्या वेळात शो, संग्रहालय, फोटो. अगदी उपाशीपोटी बसणंही चांगलं नाही, चक्कर येते. पोरांना सकाळी मोठे पाळणे, जेवण, मग हळू चालणारे, असा क्रम लावा. उलटीच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुतेक वेळा बाहेरच येते.

वॉटर पार्कात आणखी एक. ओल्या कपड्यांनी बऱ्याच हॉटेलांत बसू देत नाहीत, आणि पैसे लॉकरमध्ये राहतात. भूक लागली की लॉकरपर्यंतचा फेरा पडतो. पाण्यात थंडीनं भूक दुप्पट लागते, तेव्हा गळ्यात अडकवायच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात थोडे पैसे ठेवा.

१२. बाळ आठ महिन्यांचं आहे. त्याचं खाणं आत नेऊ देतील का?

देतात, पण मोजकं न्या. तीन वेळांची नाचणी नाहीतर तांदळाची पेज होईल एवढी कोरडी पूड, थर्मासमध्ये गरम पाणी, वाटी-चमचा. तपासणीला बाळ कडेवर आणि ही पिशवी सगळ्यांत वर ठेवा, म्हणजे प्रश्नच उरत नाही. पूड जागेवरच कालवा. कालवलेलं किंवा पावडरचं दूध दोन तासांनी टाकून द्यायचं, उरलं म्हणून पुन्हा पाजायचं नाही. अंगावर पाजायला आडोशाची खोली कुठं आहे ते दारातच विचारा. बाळाच्या पिशवीत मोठ्यांची चकली लपवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्यामुळं पुढच्या बाईची पिशवी सगळी उपसली जाते.

१३. वडिलांना शुगर आहे, इन्सुलिन घेतात. पार्कात जेवण उशिरा झालं तर?

त्यांचं जेवण उशिरा होता कामा नये. पूर्ण घराची वेळ त्यांच्या वेळेवर लावा. डॉक्टरांची चिठ्ठी फोटोसकट जवळ ठेवा, तिच्यावर भाजलेले फुटाणे किंवा एखादी भाकरी आत नेता येते का ते आदल्या दिवशी पार्कला फोन करून विचारा.

खूप चालणं झालं की शुगर अचानक उतरते. घाम, थरथर, चिडचिड दिसली आणि मशीनवर ७० च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज लगेच, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग काहीतरी खाणं. तेव्हा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळं साखर हळू चढते. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काही कोंबायचं नाही, पार्कातल्या प्रथमोपचार केंद्राला बोलवा. इन्सुलिन उन्हातल्या गाडीत ठेवू नका. ते दिवसभर तुमच्याजवळ, थंड पाऊचमध्ये हवं.

१४. नेमकी एकादशी आलीय. उपवासाचं मिळतं का?

भरवसा ठेवू नका. मिळालं तर वेफर्स, फळं, शेक. जमलं तर तारीखच बदला. नाहीतर सकाळी मुक्कामावर साबुदाण्याची खिचडी किंवा दही-बटाटा खाऊन जा. राजगिऱ्याचा लाडू आणि खजूर प्रवासाच्या डब्यात ठेवा. भगर मात्र बाहेरगावी जपून. भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्या मराठवाड्याला नव्या नाहीत, आणि बहुतेक वेळा कारण जुनं, ओल लागलेलं पीठ असतं. पीठ नको, सीलबंद दाणे घ्या आणि शिजवल्यावर लगेच खा.

१५. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, आणि जिथं मटण शिजतं तिथलं पाणीही पीत नाहीत.

एकाच छताखाली दोन्ही स्वयंपाक असतात, हे त्यांना घरीच सांगा. दारात सांगितलं तर दिवस रुसण्यात जातो. जैन जेवण मिळतं का ते आधी विचारा, त्यात कांदा-लसूण नसतं. सीलबंद पाकिटावर हिरवा ठिपका शाकाहारी, तपकिरी त्रिकोण मांसाहारी. नाहीच पटलं तर त्यांच्यापुरतं फळं, दही, ताक. आमच्या आत्याबाईंनी रामोजीत दिवस फक्त केळी आणि दह्यावर काढला. वर आम्हालाच म्हणाल्या, तुमच्यापेक्षा मी जास्त फिरले.

१६. आम्हाला हलाल लागतं. आणि रमजानमध्ये गेलो तर रोजा सोडायला खजूर नेऊ देतील का?

अंदाजानं खाऊ नका, काउंटरवर सरळ विचारा. ठाम उत्तर नाही आलं तर त्या दिवशी शाकाहारी. खजुराबद्दल आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि ज्यांनी हो म्हटलं त्यांचं नाव लिहून ठेवा. रोजा असताना उन्हात दिवसभर पाळणे झेपत नाहीत. शक्य असेल तर ईदनंतरची तारीख घ्या.

१७. पोरगा वरण-भाताशिवाय काही खात नाही.

मग हैदराबादला जा. तिकडं जेवण भाताचंच असतं: सांबार-भात, दही-भात, चिंचेचा पुलिहोरा. मात्र पुलिहोऱ्यात शेंगदाणे असतात, मुलाला ते चालत नसतील तर विचारून घ्या. चपाती मागाल तर मैद्याचा पराठा यायची शक्यता जास्त. खोपोलीकडं पंजाबी-चायनीज-पिझ्झ्याचा जोर असतो, तिथं साधा भात आणि डाळ वेगळी मागून घ्या, तिखट कमी सांगा. घरून तूप-मेतकुटाची डबी मुक्कामावर ठेवली की रात्रीचा एक वेळचा प्रश्न सुटतो.

१८. आम्ही पंचवीस जण जायलोत. गॅस-शेगडी घेऊन वाटेत स्वयंपाक केला तर स्वस्त पडेल ना?

रेल्वेत सिलिंडर, रॉकेल, स्टोव्ह नेणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डब्यातल्या प्लगवर किटली लावणंही मना आहे, ते मोबाइलपुरते असतात. लॉजच्या खोलीत स्वयंपाक केला तर मालक हाकलतो, आणि बरोबर करतो.

स्वतःच्या ट्रॅव्हल्सनं जात असाल आणि आचारी सोबत असेल तर गोष्ट वेगळी. मुक्कामाच्या जागी मालकाच्या परवानगीनं, मोकळ्या आवारात करता येतं. पण पंचवीस जणांचा गट असेल तर आधी पार्कला गटाचा दर विचारा, जेवणासकट मिळतो आणि बहुधा शेगडीपेक्षा फार महाग पडत नाही. आत गेल्यावर पंचवीसचा घोळका एका टेबलाची वाट बघत उभा राहतो आणि एक तास जातो. सहा-सहाचे गट करा, प्रत्येकात एकाकडं पैसे, आणि जेवण ज्यानं-त्यानं आपल्या वेळेला.

१९. बाहेर ढाब्यावर जेवून परत आत येता येतं का?

काही ठिकाणी हातावर शिक्का मारून येऊ देतात, काही ठिकाणी एकदा बाहेर म्हणजे बाहेर. दारात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. येऊ देत असले तरी जाणं-येणं-जेवण यात दीड-दोन तास जातात. म्हातारी माणसं दमली असतील आणि त्यांना गाडीत पाठ टेकायची असेल तर हे ठीक, नुसते पैसे वाचवायला नाही.

२०. परतीच्या रात्री जेवणाचं कसं करावं?

पार्क बंद झाला की सगळे एकदमच बाहेर पडतात आणि पहिल्या दोन-तीन हॉटेलांत उभं राहायला जागा नसते. निघायच्या तासभर आधी आतच काहीतरी हलकं खाऊन घ्या आणि पहिली गर्दी मागं टाकून अर्धा-पाऊण तास पुढं जाऊन थांबा. गाडी चालवणाऱ्याला पिठलं-भाकरी, दही, चहा. बिर्याणीची थाळी नको, रात्री बारानंतर तीच झोप आणते. जातानाच्या डब्यातलं कडक भाकरीचं एक पुडकं आणि चटणी मुद्दाम न उघडता ठेवा. पहाटे तीनला मागच्या सीटवरून कुणीतरी भूक लागली म्हणतंच, आणि तेव्हा रस्त्यावर चहाची टपरीसुद्धा उघडी नसते.